पाचवा नंबर

चहा ओतलाय, घ्या. गार करू नका. तो संपेपर्यंत माझी फजिती सांगून होईल. घरात ही गोष्ट मी कोणाला काढू देत नाही. पण तुम्ही आज ना उद्या दुसऱ्याकडून ऐकणारच, मग माझ्याकडूनच ऐका. निदान खरी ऐकाल.

माझ्या मुलाने, संजयने, आम्हाला जहाजावर नेलं. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं आणि परत मुंबईलाच यायचं. मी म्हटलं, परत इथंच यायचं तर जायचं कशाला? पण तिकिटं काढून झाली होती. मी, आमची ही, संजय, सूनबाई वर्षा आणि नात सायली. पाच माणसं.

नेमकं त्याच वेळी सायलीचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा घाटकोपरचा, घाडीगावकरांचा. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. पण शेवटचा शब्द त्याच्या आजोबांचा. त्यांनी निरोप दिला, रविवारी दुपारी चार वाजता परबांना, म्हणजे मला, फोन करून होकार-नकार कळवतो.

सायली म्हणाली, "आजोबा, तो मला मेसेज करेलच की."

मी म्हटलं, "त्याने सांगितलं तर गप्पा. त्याच्या आजोबांनी मला सांगितलं तर लग्न."

आमच्यात असंच आहे. मोठ्याचा शब्द मोठ्याला.

खरं सांगायचं तर मला थोडी धाकधूक होती. मुलगी बघायला ते कांदिवलीला आमच्या घरी आले, तेव्हा घाडीगावकरांना मी दारातच सांगितलं होतं की तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात. मुलाच्या काकांना टीपॉयवरचे पाय खाली घ्यायला लावले. आणि मुलाला विचारलं, सकाळी किती वाजता उठतोस? तो म्हणाला, नऊ. मी नुसतं "हं" म्हटलं. पण माझं "हं" ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे.

पाहुणे गेल्यावर ही म्हणाली, "तुमका गप ऱ्हवाक काय होता?"

असो. रविवारी आम्ही भर समुद्रात असणार. तिथे आपल्या फोनला रेंज नाही. इंटरनेट जहाजाकडून घ्यायचं. त्यासाठी वेगळा काउंटर आणि काउंटरवर एक हसतमुख मुलगी.

ती म्हणाली, "सर, तीन प्लॅन आहेत. पहिल्यात फक्त मेसेज. दुसऱ्यात मेसेज आणि कॉल. तिसऱ्यात सिनेमासुद्धा बघता येईल."

"सिनेमा कशाला? खिडकीत एवढा समुद्र आहे. दुसरा द्या."

"किती फोनसाठी?"

संजय म्हणाला, "पाच." मी म्हणालो, "एक."

"बाबा, आपण पाच माणसं आहोत."

"परळच्या चाळीत चाळीस खोल्या होत्या. फोन एक. कोणाच्या घरात? आपल्या. कोणाचं लग्न अडलं? कोणाचं मयत राहिलं?"

संजय लहान असताना अख्खी चाळ आमच्या खोलीत फोनला यायची. मी खाटेवर बसून नंबर लावून द्यायचो. मिलमध्ये कापडाचे साचे चालवले त्याचा नाही, पण त्या फोनचा मला अभिमान आहे. लोक मला परब म्हणत नसत, फोनवाले परब म्हणत.

मुलीने समजावून सांगितलं, "सर, हा प्लॅन ज्या फोनवर घ्याल त्याच फोनवर चालेल. दुसरा जोडता येणार नाही."

"तोच पाहिजे," मी म्हटलं. "दोघं एका वेळी बोलले की दोघांचंही ऐकू येत नाही."

माझ्या फोनवर प्लॅन पडला. सायलीने माझ्याच फोनवरून मुलाला मेसेज टाकला की तुझ्या आजोबांना व्हॉट्सअॅपवरच कॉल करायला सांग. काम झालं. इथपर्यंत माझं काय चुकलं? काहीच नाही.

रविवारी सकाळी डेकवर खुर्ची टाकून बसलो होतो. वर्षाने माहेरी फोन लावला, बोलली, मला परत दिला. शेजारी गोवंडीच्या एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, मुलगी घरी एकटी आहे. दोन मिनिटं बोलू?"

आता फोन मागितला तर नाही म्हणायचं, हे आमच्या घरात कधी झालं नाही. दिला. त्यांच्यामागून एक नवीन लग्न झालेला पोरगा आला. त्याच्यामागून बोरिवलीचे एक मास्तर. तासाभरात माझ्या खुर्चीपुढे लाइन लागली.

मला वाईट वाटलं असेल असं समजू नका. मला बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी लोक माझ्यापुढे हात बांधून उभे होते.

मी शिस्त लावली. जहाजाच्या कार्यक्रमाचा एक कागद घेतला, पाठीमागे नावं लिहिली. प्रत्येकाला पाच मिनिटं. एकदा बोलून झालं की पुन्हा लाइनीच्या शेवटी. ओळख नाही, वशिला नाही. गोवंडीच्या बाई दुपारी पुन्हा आल्या, म्हणाल्या, "काका, मुलीला ताप आहे, मला जरा आधी सोडा ना." मी म्हटलं, "नंबर म्हणजे नंबर." त्या बिचाऱ्या वीस मिनिटं उभ्या राहिल्या.

फोनवाल्याने आपला नंबर शेवटी लावायचा, ही माझी चाळीतली पद्धत. मी हिशेब केला होता, साडेतीनला लाइन संपते, चारला फोन माझ्या हातात. पण कागदावर नसलेली माणसं मी मोजली नव्हती. जेवण झालं तशी ती येतच राहिली. मीच नावं लिहीत गेलो. अक्षर चांगलं काढायच्या नादात वेळ कळला नाही.

घड्याळ बघितलं तर चारला तीन मिनिटं. फोन मुलुंडच्या मोहिते नावाच्या गृहस्थांच्या हातात. त्यांच्यामागे मास्तर, मग तो नवीन लग्न झालेला पोरगा, मग पुन्हा गोवंडीच्या बाई.

मी उठलो. पुढे जाऊन म्हणालो, "जरा बाजूला व्हा. मला महत्त्वाचा फोन यायचाय."

गोवंडीच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. काही रागाने नाही, अगदी शांतपणे. "काका, तापापेक्षा महत्त्वाचा?"

मास्तर म्हणाले, "नंबर म्हणजे नंबर, असं तुम्हीच म्हणालात."

शब्द माझा होता. मी निमूटपणे बाईंच्या मागे जाऊन उभा राहिलो. पाचवा. माझ्याच फोनच्या लाइनीत.

आमची ही लांबून बघत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, फोन तुमचोच मां? घेवा जावन."

"माझा आहे म्हणूनच घेता येत नाही."

"तां तुमकाच कळता," असं म्हणून तिने तोंड समुद्राकडे फिरवलं. सायली कठड्याला धरून उभी होती. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. 

बरोबर चारला फोन वाजला. मोहिते नुकतेच एक बोलणं संपवून दुसरा नंबर शोधत होते. वाजला तसा त्यांनी कानाला लावला.

"नमस्कार, बोला बोला," म्हणाले.

मी ओरडलो, "तो माझा आहे."

मोहित्यांनी मला पंजा दाखवला. पाच मिनिटं. नियम माझाच. मग ते बोलत राहिले. हसले. मान हलवली. मध्येच कठड्याकडे चालत गेले. पाचाची आठ मिनिटं झाली. मी लाइनीतून बोंब मारतोय, "वेळ झाली," आणि ते दुसऱ्या कानात बोट घालून बोलताहेत.

एकदाचे ते वळले आणि मास्तरांना काहीतरी म्हणाले. मास्तरांनी ते त्या पोराला सांगितलं. त्याने बाईंना सांगितलं. बाई माझ्याकडे वळल्या.

"काका, तुमच्याकडे सायली कोण?"

"माझी नात. का?"

"तिचं लग्न ठरलंय. मागे सांगा." आणि माझ्या मागे कोणीच नव्हतं.

तेवढ्यात मोहिते आले. त्यांनी आयुष्यभर दादरला साडीच्या दुकानात काउंटरवर काम केलेलं. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"परब, त्यांनी विचारलं, परब आहेत का? मी म्हटलं, आहेत, पण लाइनीत आहेत. त्यांना वाटलं मी घरातलाच. मग मोकळे झाले. म्हणाले, मुलगी छान आहे, पण आजोबा फार कडक दिसतात, तेव्हा आम्ही नको म्हणायच्या विचारात आहोत."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? आलेलं गिऱ्हाईक पायरीवरून परत जाताना मला बघवत नाही. मी सांगितलं, साहेब, कोरं सुती कापड आहे. खळ असते म्हणून टोचतं. एक धुणं होऊ द्या, मऊ पडेल."

"माझ्याबद्दल सांगितलंत हे?"

"रंग जाणार नाही, याचीही हमी दिली."

मी फोन हिसकावून घेतला. यावेळी लाइनीतलं कोणी काही बोललं नाही. घाडीगावकरांना उलटा फोन लावला. छाती पुढे काढून म्हणालो, "नमस्कार. मी परब. सायलीचा आजोबा."

"हो, हो," ते म्हणाले. "आत्ताच तुमच्या बंधूंशी सगळं बोलणं झालं. काय गोड माणूस आहे. आमच्या घरात सगळ्यांना वाटत होतं, घराणं जरा तिरसट आहे. आता शंका नाही. होकार समजा. पुढच्या बोलणीला त्यांनाच पाठवा."

"आणि मी?"

ते मोठ्या मनाने म्हणाले, "तुम्ही आलात तरी चालेल."

सायलीने येऊन आधी मोहित्यांना नमस्कार केला. मग मला.

बोलणीला गेलो होतो घाटकोपरला. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी. मोहिते पुढे गादीवर बसले, मी मागे खुर्चीवर. माझ्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला संजय, दोघांचे हात माझ्या गुडघ्यांवर. अडीच तास बोलणी चालली. माझं तोंड एकदाच उघडलं, तेही पेढा घालायला.