आशीर्वादाआधी उठून जाणारी आत्या

आमच्या सांगलीच्या ख्रिस्ती मंडळीत देवळात सगळ्यात कमी वेळ बसलेलं माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं, तर पाळकसाहेबांपासून पेटी वाजवणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असतं: माझी थोरली आत्या. ती यायची वेळेवर, पण बसायची शेवटच्या बाकाच्या अगदी कडेला, जिथून चपला हाताशी येतात. दुसरं गीत संपून उपदेशाला सुरुवात झाली की ती पदर सावरून, कापडी पिशवी काखोटीला मारून, मांजरासारखी दाराबाहेर पडायची. पाळकसाहेबांनी एकदा तिला दारातच गाठून विनवलं, "बाई, निदान शेवटच्या आशीर्वादापर्यंत तरी थांबत जा." आत्या म्हणाली, "त्यो मी वाटंत घीन की. तुमी तिथनं द्या."

त्या पिशवीत बायबल असेल असा नव्या माणसाचा समज व्हायचा. असायचं ते नेलकटर, एक फणी, खोबरेल तेलाची बाटली आणि साबणाचा तुकडा. आत्या तिथून तडक सरकारी दवाखान्यात जायची आणि ज्या खाटेजवळ कुणी बसलेलं नसेल तिथं जाऊन बसायची. "ज्याचं कुनी न्हाई त्येची नखं वाढत्यात," हे तिचं तत्त्वज्ञान. ना ओळख, ना पाळख. आधी हात ओढायचा, मग नाव विचारायचं. पाचगणीकडून आलेला एक म्हातारा तिच्यापुढं अक्षरशः रडकुंडीला आला होता. "बाई, समदी काढा, पर ह्या अंगठ्याचं तेवढं ऱ्हाऊ द्या, तंबाखूची पुडी फोडायला लागतंय." आत्यानं बराच विचार करून ते एक नख ठेवलं, फक्त त्याच्या आतला मळ काढला. हे वेड तिच्या इतकं अंगात मुरलेलं होतं, की माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्या बायका नवरीचा चेहरा बघत होत्या आणि हिनं तिचा हात उलटासुलटा करून बघितला व "बरी हाय" असा निकाल दिला. बायको अजून ते विसरलेली नाही.

शिवणकाम करून पोट भरणारी ही बाई प्रार्थनेच्या बाबतीत मात्र कमालीची काटकसरी होती. जेवणाआधीची तिची प्रार्थना म्हणजे, "बापा, आभार. आमेन. वाढा गं." पाळकसाहेब घरी आले आणि अन्नावर आशीर्वाद मागता मागता इस्राएल लोकांच्या भटकंतीत शिरले, की ही एक डोळा उघडून गार झालेल्या पुऱ्या गुपचूप परत कढईत सोडायची. मधेच तेलाचा चर्र आवाज यायचा आणि साहेबांना आमेनची आठवण व्हायची.

एका वर्षी तिनं जे केलं त्यावर मंडळीत फार दिवस चर्चा चालली. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाळकसाहेब मंडळीच्या पंचांचे पाय धुतात. प्रभूनं शिष्यांचे धुतले म्हणून. पंच त्या दिवशी घरून पाय घासून, नवे मोजे घालून येतात, त्यामुळं धुण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्या संध्याकाळी आत्या बसस्टँडवरच्या एका भिकाऱ्याला रिक्षात घालून घेऊन आली आणि तिनं त्याला थेट पुढच्या खुर्चीत बसवलं. साखरेच्या आजारानं त्याचा पाय चिघळलेला. चिंध्या सोडल्यावर पहिल्या तीन बाकांवरच्या लोकांनी रुमाल नाकाला लावले. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच आलेले. ते पांढरेफटक पडले, क्षणभर घंगाळाकडं बघत राहिले, आणि मग गुडघ्यावर बसले. मागून आत्याचा आवाज आला: "बोटांच्या मधीबी धुवा, सायेब." त्यांनी धुतलं. त्या दिवसानंतर त्यांनी तिला दारात कधी अडवलं नाही.

हे सगळं हसत हसत सांगता येतं. पुढचं येत नाही.

आत्याच्या घरासमोर शांताक्का राहायच्या. धर्म वेगळे, पण दोघींची चूल एकच म्हणावी असा घरोबा. शांताक्कांची रूपाली आत्याच्या शिवणयंत्राखाली खेळून मोठी झाली. तिला कवठे महांकाळकडं दिली होती. तिथून एके दिवशी तिला भाजलेल्या अवस्थेत सांगलीच्या दवाखान्यात आणलं. स्टोव्ह भडकला, असं नवरा सांगत होता. त्याचेही दोन्ही हात भाजलेले. विझवताना भाजले, म्हणे.

शांताक्का लेकीकडं बघायच्या आणि भोवळ येऊन पडायच्या. म्हणून रात्रंदिवस आत्या बसली. रूपालीचं अंग धरायला जागा नव्हती. आत्या कापसाचा बोळा पाण्यात बुडवून तिच्या ओठांवर फिरवत राहायची. शुद्धीवर असताना रूपालीनं तिला सांगितलं, "आत्या, त्येनंच वतलं. मी दाराकडं पळाले, तर त्येनं मला धरून आत ढकललं, तवा त्येचं हात भाजलं." हे तिनं जबाब घ्यायला आलेल्या साहेबांनाही सांगितलं. त्यानंतर ती गेली.

दफन नाही, दहन झालं. आधीच जळालेल्या पोरीला पुन्हा जाळताना बघून आत्या तिथंच मटकन खाली बसली. मी साताऱ्याहून आलो होतो, मीच तिला धरून घरी आणलं.

दोन-तीन दिवसांनी ती मला म्हणाली, "चल रं माझ्यासंगं दवाखान्यात." मला वाटलं, नेहमीचं. पण ती पुरुषांच्या वॉर्डात शिरली. कोपऱ्यातल्या खाटेवर रूपालीचा नवरा होता. बाजूला स्टुलावर पोलीस मोबाईल बघत बसलेला. नवऱ्याचे दोन्ही हात पट्ट्यांनी बांधलेले, समोर जेवणाचं ताट तसंच, त्यावर माश्या. त्याच्या घरचं कुणी फिरकलेलं नव्हतं, आणि वॉर्डात आपापल्या माणसाजवळ बसलेल्या बायाबापड्याही, त्यानं काय केलंय हे कळल्यावर, त्या खाटेला वळसा घालून जात होत्या.

आत्या झपाझप बाहेर गेली, जिन्याच्या कोपऱ्यातल्या मोरीत तिला ओकारी झाली. चूळ भरून, हात धुऊन ती परत आली, घरून आणलेला डबा उघडला आणि भात कालवला.

"मला वळखतूस न्हवं?"

त्यानं मान हलवली.

"रूपालीनं समदं सांगितलंय मला. कोर्टात मी तुझ्याविरुद्ध साक्ष देणार हाय. एक शबुद गाळणार न्हाई. आता तोंड उघड."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. आत्या घास धरून थांबली. पोलिसानं मोबाईल खाली ठेवला. शेवटी रूपालीच्या नवऱ्यानं तोंड उघडलं. तो घास गिळताना ढसाढसा रडत होता आणि आत्या कोरड्या डोळ्यांनी पुढचा कालवत होती. "रडू नगं. घास घशात अडकंल," एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पोचली होती. शांताक्का आत्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त भयंकर होतं. "माझ्या लेकीला ज्येनं जाळलं, त्येला तू भरवून आलीस?"

आत्यानं मान डोलावली.

"तुझा देव तुझ्यापाशी ठेव." त्या गेल्या आणि समोर त्यांचं दार लागलं.

मंडळीतल्या लोकांनीही नावं ठेवली. मी न राहवून विचारलं, "आत्या, तू त्याला माफ केलंस?"

"न्हाई रं," ती म्हणाली. "मला जमंना ते. घास उचलला की हात कापतोय. वाटतं, चटकाच द्यावा. माफीचं कवा जमंल कुनास ठावं. पर भूक तवर थांबती व्हय?"

त्याचे हात बरे होऊन त्याला तुरुंगात हलवेपर्यंत ती रोज गेली. पुढं खटला उभा राहिला आणि तिनं साक्ष दिली. एक शब्द गाळला नाही. आरोपीच्या वकिलानं तिला बरोबर तिथंच पकडलं. "तुम्ही तर ह्यांना रोज स्वतःच्या हातानं जेवू घालत होता. खुनी आहे असं खरंच वाटलं असतं तर भरवलं असतं का?" आत्यानं त्याच्याकडं शांतपणे बघितलं. "मी भरवलं म्हणून त्येनं जाळलं न्हाई, असं हुतंय व्हय?" कोर्टात कुणीतरी खोकलं. वकील खाली बसला.

त्याला जन्मठेप झाली. नेताना त्यानं आत्याकडं बघून हात जोडले. तिनं मान फिरवली. पलीकडच्या बाकावर शांताक्का बसल्या होत्या. त्यांनी हे बघितलं. समोरचं दार त्यानंतरही बंदच राहिलं. आत्या देवळात जायची, दवाखान्यात जायची, पण घरी आल्यावर उंबऱ्यावर बसून त्या दाराकडं बघत राहायची. त्या काळात ती एकदम म्हातारी झाली.

आता आत्या नाही. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडं गेलो होतो. संध्याकाळी आम्ही दोघं उंबऱ्यावर बसलो होतो, आणि समोरचं दार उघडलं. शांताक्का रिकामी कळशी घेऊन बाहेर आल्या. गल्लीच्या मधोमध थांबल्या. मग कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "पाणी आलंय का गं तुझ्याकडं?"

आत मोरीत नळ धो धो वाहत होता.

"न्हाई अजून," आत्या म्हणाली. "बस की. यील."

शांताक्का कळशी खाली ठेवून तिच्याशेजारी टेकल्या. बादली भरून पाणी मोरीतून बाहेर, दोघींच्या पायांशेजारून गटारात जायला लागलं. नळ बंद करायला मी उठणार, तोच आत्यानं माझा गुडघा दाबून मला खाली बसवलं. शांताक्का वाहत्या पाण्याकडं बघत होत्या, आणि तरीही दोघी पाण्याची वाट बघत अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या.