झोक्याचं वय

परवा सून एका मासिकातून मोठ्याने वाचत होती. कोणत्या वयाच्या मुलांना कोणता खेळ आवडतो, कोणता सिनेमा दाखवावा, कोणता दाखवू नये. चार वर्षांच्यांना अमुक, सात वर्षांच्यांना तमुक, बारा पूर्ण झाली की आवडी आपोआप बदलतात. त्या ‘आपोआप’वर माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, “बंद कर ते.” ती बिचारी गोंधळली. तिची काही चूक नव्हती, लिहिणाऱ्याचीही नसेल. पण आपोआप काही होत नाही हे मला माहीत आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला आज जेवण जायचं नाही.

माझं माहेर रनाळ्याचं. कापूस, ज्वारी, मिरची, दारात दोन कडुनिंब. आबा, म्हणजे माझे वडील, गावात चार लोकांत मानाने बसणारे. माय घरात आणि शेतात राबणारी. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा भाऊ, आणि मी. भावाच्या वयाला आमच्या घरात फार मान होता. पाच वर्षांचा झाला तर आबांनी सुताराकडून त्याच्यासाठी भोवरा करून आणला. आठव्या वर्षी विटीदांडू. दहाव्या वर्षी नंदुरबारला तंबूतला सिनेमा आला, तर आबा त्याला गाडीत घालून घेऊन गेले. पंधराव्या वर्षी तो तमाशाला पळाला तेव्हा आबा ओरडले खरे, पण मिशीत हसत होते. “ह्या उमरमा पोरे जातीनच,” असं मायला म्हणाले. त्याचं जे वय येईल, त्या वयाची गोष्ट त्याच्यासाठी तयार असायची.

तंबू आला तेव्हा मी सात वर्षांची होते. आबा आणि भाऊ गाडीत बसले आणि मी चाकाला धरून उभी राहिले. मलाही यायचं होतं.

आबा म्हणाले, “तू धाकली शे अजून. तठे अंधारमा भ्याशी.”

साफ खोटं! रोज दिवेलागणीनंतर म्हशीला वैरण टाकायला गोठ्यात मीच जायचे, हातात चिमणीसुद्धा न घेता. तेव्हा कोणी विचारत नव्हतं मला अंधाराची भीती वाटते का. पण हे बोलायचं सुचलं तोवर गाडी वेशीबाहेर गेली होती.

भाऊ परत आला आणि आठवडाभर त्याने डोकं उठवलं. पडद्यावर घोडा पळतो, पाऊस पडतो, माणसं आपल्यासारखी बोलतात. एक बाई होती म्हणे, चुलीपुढे बसून रडत होती, आणि तिच्या रडण्याचा आवाज सगळ्या तंबूत येत होता. मी विचारलं, ती का रडत होती? ते त्याला ठाऊक नव्हतं. तिथे त्याला डुलकी लागली होती. मला इतका राग आला की मी त्याचा भोवरा उचलून आडात टाकला. त्याबद्दल मार खाल्ला, आणि अजूनही मला त्याचं काही वाटत नाही. त्या बाईला काय झालं होतं हे मात्र कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

मग पुढची काही वर्षं तंबू आमच्या बाजूला फिरकलाच नाही. आला तेव्हा मी अकरा वर्षांची झाले होते. या वेळी मी आधीच तयारी करून ठेवली. वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून गाडीत जाऊन बसले.

“उतर खाले,” आबा म्हणाले. “आते तू मोठी व्हयनी. लोके काय म्हनतीन?”

सातव्या वर्षी लहान, अकराव्या वर्षी मोठी. म्हणजे मधे कधीतरी मी बरोबर वयाची होते, आणि नेमक्या त्याच वर्षांत तंबू आला नाही. असं कसं होतं? माझ्या भावाच्या बाबतीत कधी झालं नाही ते. मी मायकडे बघितलं. ती सुपातली ज्वारी पाखडत होती आणि तिने मान वर केली नाही.

सिनेमाचं जाऊ द्या, तो तर बाहेरून येणारा. झोका तर आमच्याच दारातला होता. आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आखाजी म्हणजे सासरी गेलेल्या लेकींचा सण. भाऊ गाडी घेऊन बहिणीला आणायला जातो. लेकी माहेरी येतात, झाडाझाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, हसतात, ओरडतात, वरच्या आळीच्या खालच्या आळीशी नदीच्या पात्रात शिव्यांची भांडणं करतात. वर्षभर सासरी मान खाली घालून राबलेली बाई त्या चार दिवसांत वाटेल ते करू शकते, तिला कोणी काही म्हणत नाही. आणि पुरुष? ते झाडाखाली घोंगडी अंथरून पत्ते खेळतात. एरवी पत्त्यांना हात लावला तर नाक मुरडणारी माणसं आखाजीला सकाळपासून डाव मांडून बसतात. आमच्या एका कडुनिंबाला झोका असायचा आणि दुसऱ्याखाली आबांचा डाव.

मी अकरा वर्षांची होते त्याच वर्षी आबांनी मला झोक्यावरून उतरवलं. लग्नाची बोलणी चालू होती. सणाच्या दिवसांत गावोगावचे पाहुणे रस्त्याने जातात, त्यांतला एखादा नवऱ्या मुलाकडचा निघाला तर? पोरगी झोक्यावर उभी, पदर वाऱ्यावर, तोंडात गाणं! दुसऱ्या घरांत एवढं नव्हतं, तिथल्या कुवार पोरी खुशाल खेळत होत्या. आमच्या घराला मात्र इज्जत होती, आणि ती सगळी माझ्यावर टाकलेली. मी दोराला धरून रडायला लागले, तेव्हा आबा पत्ते खाली ठेवून उठून आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“लगीन व्हऊ दे,” ते म्हणाले. “मंग आखाजीले ये आनि पाहिजे तितलं खेय. झोका खेय, तंबूमा जाय. कोन आडावस तुले?”

मला ते पटलं. अहो, का पटू नये? माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं. आळीतल्या लग्न झालेल्या लेकी मनसोक्त खेळत होत्या आणि मी ओट्यावर बसून बघत होते. म्हणजे खेळायचं असेल तर लग्न करायला हवं, एवढा सरळ हिशेब. म्हणून बोलणी पक्की झाली तेव्हा मी रडले नाही, नाचले. बायका म्हणाल्या, पोरगी किती समजूतदार आहे! समजूतदार कसली, मला झोका हवा होता. आणि आबांनी माझी ती समजूत तशीच राहू दिली, कारण ती त्यांच्या सोयीची होती. बारावं लागलं आणि माझं लग्न झालं.

सासर कळसाडीचं, तापीच्या पलीकडे. घर खातंपितं होतं. नवरा शांत स्वभावाचा, आईपुढे तोंड न उघडणारा. त्या घरातलं पहिलं वर्ष मी कसं काढलं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की शेण काढताना, पाणी भरताना, रात्री पाय चेपताना मी आखाजीकडे डोळे लावून होते.

आखाजी आली. भाऊ गाडी जुंपून, तापी उतरून मला न्यायला आला. मी गाठोडं बांधून दाराआड उभी होते. सासूने त्याला गूळपाणी दिलं आणि म्हणाली, “औंदा नही धाडाव. मन्ही आंडेर ई ऱ्हायनी आखाजीले. घरमा काम कोन करी? पुढला साल लई जा.”

तिची आंडेर म्हणजे तिची लेक, माझी नणंद. ती माहेरी खेळायला येणार, म्हणून मी माहेरी जायचं नाही. हे आबांना माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. माझ्या मायचं आयुष्य तसंच गेलं होतं, आणि आमच्या घरी आत्या झोक्यावर बसायच्या तेव्हा पुरण वाटायला मायच असायची. दर आखाजीला ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. माझ्या डोळ्यांसमोरही घडत होतं म्हणा, पण मी फक्त झोक्याकडे बघत होते. भाऊ पाणी पिऊन रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

नणंद आली. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, अंगाने काटकुळी. दारात झोका बांधला. मी सांजोऱ्या तळल्या, आंबे पिळले, भांडी घासली, आणि दुपारी सासूने हाक मारून सांगितलं की नणंदेला झोका दे. मी दिला. दात-ओठ खाऊन दिला, ती पडावी म्हणून दिला. ती वरून किंचाळली, “आजून जोरमा दे!” आणि हसत राहिली. बऱ्याच वेळाने खाली उतरली तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दोर माझ्या हातात दिला. म्हणाली, “बस तू.”

मी एक पाय फळीवर ठेवलासुद्धा. तेवढ्यात ओट्यावरून सासू ओरडली, “ती वहू शे, आंडेर नही!”

मी पाय खाली घेतला.

पुढल्या वर्षीही नणंद आली, मी गेले नाही. त्याच्या पुढल्या वर्षी मी पोटुशी होते, पोटुशीने झोक्यावर बसायचं नसतं. दर वेळी भाऊ यायचा आणि रिकामी गाडी घेऊन जायचा. मला मुलगी झाली. ती सहा महिन्यांची असताना आखाजी आली, त्या वर्षी नणंदेला तिच्या सासरच्यांनी धाडलं नाही, आणि मला जायची परवानगी मिळाली. कोणाच्या तरी लेकीचं गेलं तेव्हा मला मिळालं, हे मी विसरलेले नाही.

रनाळ्याला पोचले. दारातले दोन कडुनिंब तसेच होते. भावाने नवं चऱ्हाट लावून झोका बांधला होता. आळीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. मी अंगणातल्या खाटेवर बसले आणि मला हलवेना. कितीतरी रात्री धड झोप नव्हती. कंबर दुखत होती, छाती दुधाने भरून ठणकत होती, पोर मांडीवर किरकिरत होती. मला फक्त झोपायचं होतं.

दुसऱ्या कडुनिंबाखाली आबांचा डाव रंगला होता. पन्नाशीला आलेला माणूस, हातात पत्त्यांचा पंखा, डोळे चमकत होते. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला, हेही सांगायला हवं. तिथूनच त्यांनी हाक मारली, “आते खेय ना बेटा, कोन आडावस? तंबू बी येल शे नंदुरबारले. संध्याकायले गाडी जुपू का?”

ती चुलीपुढे रडणारी बाई मला आठवली. ती का रडत होती ते आता मला तंबूत जाऊन बघायची गरज राहिली नव्हती. मी म्हटलं, “नको, आबा.”

“झोका तरी खेय.”

“नको.”

आबांनी एक पत्ता टाकला आणि शेजारी बसलेल्या गड्याला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जाणत्या माणसासारखं. “पोरी मोठ्या व्हयन्यात का तेसनं मन खेयमा लागत नही. उमरच तशी ऱ्हास.”

शेजाऱ्याने मान डोलावली आणि आपला पत्ता टाकला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. उमर? मी उठले. पोर कडेवर घेतली, घोंगडीपाशी गेले आणि ती आबांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, “आबा, हाई पोर धरा.”

आबांनी उभ्या जन्मात मूल मांडीवर घेतलं नव्हतं. त्यांना सुचेना पत्ते धरावेत का पोर धरावी. हातातला पंखा विस्कटला, पानं उताणी पडली आणि सगळ्यांनी ती बघितली. पोरीने भोकाड पसरलं. आबांनी घराकडे तोंड करून मायला हाक मारली, “अवं, इले लई जाय!”

माय दारात आली. तिने आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी तोवर झोक्याच्या फळीवर उभी राहिले होते.

“मन्हा हात पीठमा शेतस,” माय म्हणाली, आणि आत निघून गेली. तिचे हात कोरडे होते. मला झोक्यावरून स्पष्ट दिसले.

मी झोका घेतला. बसून नाही, उभ्याने, गुडघे वाकवून, फांदीच्या उंचीपर्यंत. पदर सुटला, सुटू दिला. रस्त्याने पाहुणे जात होते, त्यांनी माना वळवून बघितलं. खाली पोर रडत होती, आबा तिला दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून बसले होते आणि डाव मोडला होता. पोरी गाणं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. मला मळमळायला लागलं. दुधाने चोळी भिजली. दर हेलकाव्याला कंबरेतून कळ जात होती.

सुनेने मला विचारलं, मग मजा आली का तुम्हाला? नाही आली. अजिबात मजा आली नाही. पण दिवस मावळेपर्यंत मी उतरले नाही.