भिजवलेल्या बटाट्यांचं पाणी

पप्पांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे हॉस्पिटलचा कुठलाही कागद आला की तो सरळ माझ्या हातात यायचा. त्यातलं निम्मं मलाही कळायचं नाही, पण तसं म्हणायचा धीर होत नसे.

पप्पा सातपूरला एका वर्कशॉपमध्ये हेल्पर होते. काम सुटलं आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. तिथल्या सिस्टरनी पथ्य समजावलं. रक्तात पोटॅशियम साचलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं आणि मग फोडणी द्यायची. बटाटा शक्यतो नकोच, खाल्लाच तर असा करून, थोडासा.

आईने महिनाभर तसंच केलं. पप्पा मूळचे घोटीकडचे, भात आणि काळ्या मसाल्यातला बटाटा हेच त्यांचं जेवण. ती उकळून पिळलेली भाजी बघून ते म्हणायचे, "बैलाला घाला हे. बैलबी दोनदा वास घेईल." आम्ही हसायचो. पण ताट तसंच परत जायचं, आणि त्यांची मनगटं बारीक होत चालली होती.

मला ते बघवेना. अकरावीत आम्हाला विसरण, म्हणजे डिफ्यूजन, होतं: पदार्थ जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे आपोआप जातो. बटाट्यात पोटॅशियम जास्त, नळाच्या पाण्यात कमी. मग उकळायचं कशाला? संध्याकाळी फोडी पाण्यात टाकून ठेवल्या तर सकाळपर्यंत ते निघून जाईल, आणि भाजी नेहमीसारखी करता येईल. मी आईला वहीत बाण काढून दाखवले. सिस्टरना विचारावं असं एकदा मनात आलं होतं. विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते स्वतःला सुचलेलं आवडलं होतं.

सकाळी पातेल्यातलं पाणी पांढुरकं झालेलं असायचं. "बघ, निघालं," मी म्हणायचे. आई ते मोरीत ओतायची.

पप्पा जेवायला लागले. अंगापुरता रस्सा, पण बोटं चाटून. शेजाऱ्यांना सांगायचे, आमच्या पोरीने डॉक्टरला मागं टाकलं. असे तीन आठवडे गेले.

मग एका सकाळी त्यांचे पाय उचलेनात. डायलिसिसला नेलं तर तिथल्या लोकांनी आधी छातीचा ईसीजी काढला आणि थेट आयसीयूत हलवलं. पोटॅशियम फार वाढलं होतं. चार दिवसांनी ते घरी आले, पण हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टर म्हणाले, याला बरीच कारणं असतात, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. मी त्या वाक्याला धरून राहिले. बटाट्यांचं मी त्यांना सांगितलं नाही.

त्याच महिन्यात कॉलेजात बीटाचं प्रॅक्टिकल झालं. बीटाचे सारखे तुकडे करून, रंग निघायचा थांबेपर्यंत धुवायचे आणि वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवायचे. गरम पाण्याची परीक्षानळी लालभडक झाली. थंड पाण्याची जवळजवळ स्वच्छच राहिली.

सरांनी फळ्यावर पेशीपटल काढलं. स्निग्ध रेणूंचे दोन थर, शेपट्या आत, डोकी बाहेर, आणि मधूनमधून रुतलेली प्रथिनं. पाणी यातून ये-जा करतं. पण सोडियम, पोटॅशियम यांच्यावर विद्युतभार असतो, त्यांना हा स्निग्ध थर ओलांडता येत नाही. त्यांना प्रथिनांचेच दरवाजे लागतात, आणि जिवंत पेशी ऊर्जा खर्चून पोटॅशियम आत धरून ठेवते. उष्णतेने पटल मोडलं की सगळं बाहेर.

मी हात वर केला. बटाट्याच्या फोडी रात्रभर थंड पाण्यात ठेवल्या तर? पाणी पांढरं होतं ना?

"कापलेल्या कडेच्या पेशींतलं निघेल," सर म्हणाले. "पांढरं दिसतं ते पीठ. आतल्या पेशी जिवंतच असतात की. बटाट्याला कोंब येतो ना?"

वर्गात कोणीतरी हसलं. मी निष्कर्ष लिहायला घेतला.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मी चाखलं होतं ते पाणी," ती म्हणाली. "उकळलेल्या पाण्याला भाजीची चव असायची. तुझ्या पाण्याला काहीच नव्हती."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"तू सायन्सची. मी काय बोलणार?"

पप्पांनाही मीच सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तेवढे दिवस जेवलो तरी." मग जरा थांबून, "आता ते पाणी काढलेलं नको मला, पोरी. चव कळल्यावर नाय उतरत."

आई पुन्हा उकळते, पाणी फेकते, फोडणी देते. पप्पा दोन घास घेतात आणि ताट सरकवतात. मी समजावते, पेशी, पोटॅशियम, सगळं आता बरोबर सांगते. ते मान हलवतात. वजनाचा काटा दर खेपेला थोडा खाली असतो. डॉक्टर म्हणतात, खाल्लं नाही तर शरीर डायलिसिस सोसणार नाही.

परवा सिस्टरनी विचारलं, घरी पथ्य नीट पाळता ना? आईने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत पप्पाच म्हणाले, "पाळतो की. पोरगी लक्ष ठेवते."

सिस्टरनी कागदावर बरोबरची खूण केली.