पाठीवरचा हात

आमच्या या आखाती शहरातल्या ऊद मेथा भागातल्या मैदानावर उन्हं कलली की गवतावर पाणी मारतात. दिवसभर तापलेल्या जमिनीतून मग एक ओलसर, हिरवा वास उठतो आणि पलीकडच्या टपरीवर उकळणाऱ्या दाट, दुधाळ करक चहातल्या वेलदोड्याशी मिसळतो. लेकीची जर्सी परत द्यायला आज इथे आले, तर त्या वासानं पायच धरले. लेक काल कॅनडाला शिकायला गेली. तिची जर्सी आता दुसरी कुणी घालेल. जर्सी देऊन झाली, तरी मी कडेच्या खुर्चीवर बसून राहिले, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर माझी आई बसली आहे असं वाटू लागलं.

आई दर हिवाळ्यात सांगलीहून आमच्याकडे, याच शहरातल्या सिलिकॉन ओएसिस वस्तीत यायची. मॉलमध्ये तिचा जीव रमत नसे. नातीचा खेळ मात्र चुकवायची नाही. तरुणपणी ती खो-खो गाजवलेली बाई. गुडघे थकले होते, पण अंगातला खेळ गेला नव्हता. नात खेळायची ते अमेरिकन फुटबॉल, त्यातलाही सौम्य प्रकार: पाडापाडी नाही, कमरेची पट्टी ओढली की गडी थांबला. घटकाभर पळायचं आणि मग उभं राहून मसलत करायची, हे आईला अजब वाटे. तिची नजर खिळायची ती खेळाडूंच्या अदलाबदलीवर. मैदानात सात जणी, कडेला बाकीच्या. दोन खेळींच्या मधल्या जरा उसंतीत कोच रंगीत कार्ड उंच धरायचा. त्या रंगाच्या मुली रेषेशी येऊन उभ्या राहायच्या. मदतनीस बाई मागून जिच्या पाठीवर थाप देई, तिनं बाहेर येणारीचं नाव ओरडत आत धावायचं. आतलीनं रेंगाळायचं नाही, तडक बाहेर. चेंडू उचलला जाताना आत आठ जणी दिसल्या, की पंच पिवळं फडकं टाके आणि संघाला मागे ढकले.

"अगं, हा तर आमचाच खेळ," आई हरखून म्हणाली होती. "पाठीवर हात पडून खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. उठलीस की मागे वळायचं नाही. आणि खो देणारीनं तिथंच तिच्या जागी बसायचं."

तो तिचा शेवटचा हिवाळा ठरेल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? त्या हिवाळ्यातल्या शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचं परतीचं विमान होतं, आणि सामना संपत आला तरी नातीला एकदाही आत पाठवलं गेलं नव्हतं. नात रेषेशी ताटकळत उभी. मदतनीस बाई दुसऱ्या टोकाला. आई कधी उठली ते मला कळलंच नाही. पाहते तो तिनं नातीच्या पाठीवर सणसणीत थाप मारली होती, "खो!" पोरगी कुणाचं नावबिव न ओरडता बाणासारखी आत. आठ जणी! शिट्टी, पिवळं फडकं, आणि आमचा संघ पाच यार्ड मागे.

"आजी, दॅट्स अ पेनल्टी!" लेक आतून किंचाळली.

आजी तोवर नातीच्या जागी, रेषेशी गवतावर, गुडघे विसरून उकिडवी बसली होती. लेबनीज कोचनं डोकं धरलं, तिच्याकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. "खलास, हबीबी, लेट हर प्ले. यल्ला!" असू दे, खेळू दे तिला, असं म्हणत त्यानं दुसरीला बाहेर बोलावलं. त्या संध्याकाळी लेक अशी धावली की तिची पट्टी कुणाच्या हाती लागली नाही. सामना आम्ही हरलो. आईला उठवायला मात्र दोघी लागल्या, आणि ती घरी येईपर्यंत हसत होती.

या गावात सगळेच असे येणारे-जाणारे. एक बिऱ्हाड निघतं, त्याच दारावर दुसऱ्याचं तोरण लागतं. मला त्याची सवय झाली आहे असं मी समजत होते.

काल विमानतळावर लेक मिठी सोडून दोन पावलं गेली आणि थांबली. माझ्याकडे पाठ करून नुसतीच उभी. मला क्षणभर उमगेना. मग डोळे भरून आले. मी पुढे झाले, तिच्या पाठीवर हात ठेवला. ती वाट पाहत राहिली.

"खो," मी म्हणाले.

ती निघाली. मागे वळली नाही. मी तिथल्याच एका बाकावर बसले.