सोलर प्लेटांवरचा मांडव

मी माळ सोडला त्या दिवशी मला निरोप द्यायला आबा, आई आणि सत्तर मेंढरं फाट्यावर आली होती. मेंढरांना माझं काही कौतुक नव्हतं. पण त्यांना वस्तीवर कुणाच्या भरवशावर सोडायचं, म्हणून आबांनी सगळा कळपच हाकत आणला. माझी बारावी झाली होती, सोलापूरच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला नंबर लागला होता. एसटी थांबली तशी मेंढरं पळत जाऊन तिच्या सावलीत बसली, निम्मी तर चाकांपुढंच. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला, कंडक्टर खाली उतरून हाकलून दमला. त्या घोळात मला घरच्यांजवळ आणखी पाच मिनिटं मिळाली. आबा रडणाऱ्यांतले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तितं सावली बघून ऱ्हा. उन्हात हिंडू नगंस."

तुम्ही जे माळावरच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे पेटी घेऊन निघालात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. सांगोल्याच्या बाजूला आमच्यासारख्या वस्त्या कितीतरी आहेत. गावची लाइट अलीकडच्या ओढ्यापाशी संपते आणि पुढं नुसता माळ. चिंचोळी एमआयडीसीत माझी आता बारा वर्षं झाली. कारखान्याची मोटार बंद पडली की सुपरवायझर आधी मला हाक मारतो. आणि माझे आईबाप मात्र चिमणीच्या उजेडात जेवायचे, फोन चार्जिंगला गावच्या पिठाच्या गिरणीत द्यायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला याची लाज वाटायची, पण लाज वाटून कुणी काही करत नाही, तसं मीही केलं नाही.

मग आईची साखर वाढली. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि ते थंड ठेवायला सांगितलं. आईनं ओल्या वाळूत माठ पुरून त्यात बाटली ठेवली. थंडीत निभावलं. फाल्गुनात उन्हानं असा जोर धरला की बाटलीतलं औषध बिघडलं, ती बिघडलेलीच सुई रोज टोचत राहिली आणि एके दिवशी मेंढरांमागं चालता चालता पडली. सोलापूरच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टर सरळ म्हणाले, "घरात फ्रीज असेल तर पाठवा. नाहीतर आता इथंच ठेवा."

मी तिला सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीवर आणलं. दोन महिने ती माझ्याकडं होती. मी ड्यूटीवरून आले की ती गॅलरीत उभी असायची, खालच्या गाड्यांकडं बघत. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी झालं. एकदा मला म्हणाली, "हितं पायाला माती लागत न्हाय गं." आबा तिकडं एकटे हातानं भाकरी थापत होते. मेंढरं सोडून त्यांना येता येईना आणि फ्रीजशिवाय आईला जाता येईना. चाळीस वर्षांचा संसार एका लहानशा बाटलीपायी दोन ठिकाणी झाला होता. ज्या माळावर खांब नाही तिथं फ्रीज चालवायचा, हे माझ्याशिवाय कोण करणार होतं?

मी वही घेऊन बसले. चोवीस व्होल्टवर थेट चालणारा छोटा फ्रीज, दोन दिवे, फोनचं चार्जिंग. दिवसाला किती वीज लागेल ते काढलं, त्यावरून सोलरच्या दोन प्लेटा ठरल्या. खरं डोकं खाल्लं ते बॅटरीनं. पाण्याची बॅटरी स्वस्त, पण तिला वेळच्या वेळी पाणी घाला, आणि निम्म्याच्या खाली उतरू देऊ नका. लिथियमची महाग, पण तिला पाणी लागत नाही आणि ती जवळजवळ तळापर्यंत वापरता येते. आबा मेंढरू व्यायला आलं की स्वतःची भाकरी विसरतात, ते बॅटरीला पाणी काय घालणार? लिथियम घ्यायची ठरली. पण केवढी?

सात रस्त्यावरच्या दुकानात मालक काउंटरवर बोटं वाजवत म्हणाले, "मॅडम, तुमच्या भागात सलग किती दिवस ऊन पडत नाही? त्यावर बॅटरी ठरणार."

 त्या माळावर मी अठरा वर्षं काढली होती आणि मला हे माहीत नव्हतं. मी दुकानातूनच आबांना फोन लावला.

 आबा म्हणाले, "आपल्याकडं लई न्हाय. भादव्यात झड बसली तर तीन दिस. चवथ्या दिशी सूर्य तोंड दावतोच. माझ्या ध्यानात तरी कवा चुकलं न्हाय."

मालकांनी मोबाइलवर कसला तरी तक्ता उघडला, वरखाली केला आणि हसले. "बरोबर सांगतायत तुमचे वडील. तीन दिवसांचीच घ्या."

वैशाखात टेम्पोत फ्रीज, प्लेटा, बॅटरी आणि पुढं आई असं सगळं घेऊन आम्ही निघालो. फाटा ओलांडला तशी आई मला एकेका झाडाचं नाव सांगायला लागली, जशी काही मी पाहुणीच आले होते. वस्तीवर पोचल्यावर मी होकायंत्र काढलं, दक्षिण बघितली, खोलीशेजारची मोकळी जागा धरली आणि स्टँडसाठी खड्डा खणायला घेतला. आबा काठी टेकवून बघत होते.

"हितं नगं," ते म्हणाले.

"आबा, मी मोजलंय. इथं दिवसभर ऊन आहे."

"आता हाय. पौषात न्हाय. पौषात कवळ्या उन्हाला कोकरं काडतो न्हवं मी? हितं ठिवली तर त्या बाभळीची सावली येऊन बसती त्यांच्या अंगावर." मग ते बारा पावलं उत्तरेला चालत गेले आणि काठीनं मातीत एक रेघ मारली. "पौषात सावली हितवर येती. ह्याच्या म्होरं न्हाय."

मी वाद घातला नाही, स्टँड रेघेच्या पलीकडं रोवला, पण मनातून हसले. आता खरं सांगते. परवाच्या पौषात सुट्टी काढून मी मुद्दाम गेले आणि भर दुपारी त्या स्टँडजवळ उभी राहिले. बाभळीच्या शेंड्याची सावली रेघ मारली होती तिथं येऊन थांबली होती. प्लेट तिथून वीतभर लांब उन्हात.  ज्या माणसाला मी फोनचं बटण दाबायला शिकवलं, त्याच्या डोक्यात सूर्याचं अख्खं वर्ष होतं आणि आम्ही त्याला अडाणी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये बर्फ झाला. आईनं वाटीतून एक खडा काढून आबांच्या हातावर ठेवला. बाहेर माती पायाला चटके देत होती. आबा तो खडा विरघळून बोटांतून गळेपर्यंत तसेच उभे राहिले. मग वर बघून म्हणाले, "उनाचा बर्फ!" आयुष्यभर ज्या उन्हापासून त्यांनी जित्राब वाचवलं, ते ऊन त्यांच्या ओंजळीत गार होऊन पडलं होतं. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की मी रोज हाताळते ती वीज म्हणजे केवढी नवलाची गोष्ट आहे.

आणि तरी आठ दिवसांत आईचा फोन आला. "फ्रीज बंद पडलाय. औषध माठात ठिवलंय."

 बॅटरी खराब निघाली, की माझं गणितच चुकलं? आता आईला परत आणायचं आणि आबांना परत एकटं टाकायचं? रजा टाकून निघाले, दुपारी दोनला वस्तीवर पोचले. लांबूनच दिसलं आणि मी रस्त्यातच बसले. दोन्ही प्लेटांवर आबांनी मांडव घातला होता. चार लाकडी मेढी रोवलेल्या, वर बाभळीच्या फांद्या, त्यावर घोंगडं. काम असं नेटकं, की उन्हाचा कवडसासुद्धा आत जात नव्हता.

"सकाळी उगडतो, सांच्याला उगडतो," आबा मोठ्या अभिमानानं म्हणाले. "पर दुपारचं कसं ठिवायचं उगडं? काच हाय की. येवढ्या उनात तडकंल."

पौषात कोकरांना ऊन द्यायचं आणि वैशाखात सावली. प्लेटांनाही त्यांनी तोच न्याय लावला होता. मी हसत सुटले आणि हसता हसता रडू आलं. मग त्यांना समजावलं, की हिला दुपारचंच ऊन खायला लागतं. त्यांचा चेहरा पडला. "म्हंजी म्या उपाशी मारली व्हय?"

पण नुसते तेच चुकले नव्हते. आत जाऊन मी बॅटरीच्या पेटीला हात लावला तर चटका बसला. मी शहाणीनं ती पश्चिमेच्या पत्र्याला टेकवून बसवली होती. अशा तापात बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, हे पुस्तकात वाचलेलं मीच विसरले होते.  तोच मांडव उचलून आबांनी पश्चिमेच्या भिंतीबाहेर लावला आणि वर उसाचं पाचट घातलं. संध्याकाळपर्यंत पेटी हाताला कोमट लागू लागली, फ्रीजही घरघरायला लागला.

भादव्यात झड बसली. बॅटरीवर किती टक्के उरले ते दाखवणारा आकडा आहे. आईला अक्षर येत नाही, पण फोनमुळं आकडे ओळखता येतात. रोज सकाळी ती मला फोनवर आकडा सांगायची. पहिल्या दिवशी सात आणि सहा, म्हणजे शहात्तर. दुसऱ्या दिवशी पाच आणि दोन. तिसऱ्या दिवशी दोन आणि सात. मी सुपरवायझरला सांगून ठेवलं, की उद्या आईला आणायला जावं लागेल. आईला म्हटलं, कपडे बांधून ठेव. 

चौथ्या दिवशी सकाळी सोलापुरावर आभाळ तसंच होतं, राखाडी. मी पिशवी भरली, औषधासाठी बर्फ घातलेला थर्मासचा डबा घेतला आणि तिच्या फोनची वाट बघत बसले. सात वाजले, आठ वाजले. नऊला मीच लावला. कितीतरी वेळ वाजल्यावर तिनं उचलला. मागं वारं होतं आणि मेंढरांचा आवाज.

"आई, आकडा किती आहे?"

"न्हाय बगितला," ती धापा टाकत म्हणाली. "हितं ऊन पडलंय की चांगलं. मेंढरं सोडल्यात, त्यांच्या मागनं चाललीय. ठेव आता फोन."

तिनंच ठेवला. मी डबा हातात धरून खोलीत उभी राहिले. इतकी वर्षं मी समजत होते, की घर म्हणजे मागं राहिलेली जागा, माझी वाट बघत थांबलेली. ते तर तिकडं उन्हात चालू पडलं होतं, मला विचारायलासुद्धा न थांबता. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण इतका आनंद मला पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

बर्फ मोरीत ओतला आणि दुसऱ्या शिफ्टला कामावर गेले.