युनिफॉर्मचा वास

"घरात थिनर किंवा तसलं काही असतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, "असतं की. किती पाहिजे?"

पालघरच्या रुग्णालयात माझी पंधरा वर्षांची मुलगी ऋतुजा पडद्यामागे पडली होती, छातीला वायरी लावल्या होत्या, आणि मी डॉक्टरांना थिनर देऊ करत होतो. सवयच तशी. आमच्या चिंचणीत कोणाला होडीचा जुना रंग काढायचा असो, इंजिनावरचं ग्रीस धुवायचं असो, सगळे मला सांगतात. मी बोईसरला रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. ड्रमच्या तळाशी उरलेलं थिनर पाण्याच्या बाटलीत भरून आणायचं आणि वाटायचं, यात मला भारी मोठेपणा वाटायचा.

डॉक्टर हसले नाहीत. मला बाजूला नेऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं की मुलीशी ते एकांतात बोलले आहेत, आणि वडिलांना सांगायला तिची हरकत नाही. ती वर्षभर थिनर हुंगत होती. माझ्या घरचं. माझ्या हाताने आणलेलं.

याला इनहेलंट युज म्हणतात. म्हणजे नशेसाठी रसायनाची वाफ ओढणं. थिनरमध्ये टोल्युइन असतं. ते मेंदूवर तर चढतंच, पण मूत्रपिंडंही बिघडवतं, त्यामुळे अंगातलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. पोटॅशियम फार कमी झालं तर स्नायू चालत नाहीत, आणि हृदय हाही स्नायूच. त्या दिवशी सकाळी ओट्यावरून उठताना ऋतुजाचे पाय हललेच नव्हते, त्याचं कारण हे होतं.

त्या आधीच्या वर्षाबद्दल लिहायला हात धजत नाही, पण लिहायला हवं. कारण खुणा सगळ्या होत्या. तिचं डोकं दुखायचं. ओठांभोवती पुरळ यायचं, मी म्हणायचो उन्हामुळे. नाकातून दोनदा रक्त आलं, तेही उन्हावर ढकललं. नववीत मार्क घसरले, तर मी मोबाइल काढून घेतला आणि फार मोठा इलाज केल्यासारखा मिरवलो. अशक्तपणा वाढला तेव्हा जवळच्या डॉक्टरांकडून ताकदीची इंजेक्शनं आणि एक सलाइन.

आणि वास. माझी बायको मनीषा सारखी म्हणायची, घरात काहीतरी वास येतोय. मला येत नव्हता. अठरा वर्षं या कामात काढल्यावर थिनरचा वास माझ्या नाकाला कळतच नाही. आमच्या खात्यात सगळ्यांचं तसंच. मी तिला सांगायचो, माझ्या युनिफॉर्मचा असेल, दुसरं काय. माझे कपडे कायम वेगळे धुतले जायचे, मागच्या दोरीवर वेगळे वाळायचे. वासाला कारण तयार होतं, म्हणून कोणी दुसरं शोधलं नाही.

मग मागच्या वर्षी एक दिवस ऋतुजा म्हणाली की बाबांचा युनिफॉर्म यापुढे मी धुणार. मला काय आनंद झाला! कँटीनमध्ये मी दहा जणांना सांगितलं. एकाने चेष्टाही केली, पोरगी सासरी जायची तयारी करतेय का म्हणून, आणि मी त्याच्यावर खेकसलो. तिच्या हाताला वास आला तर तो कुठून आला याचं उत्तर तिने माझ्याच कपड्यांत शोधलं होतं. हे मला रुग्णालयातल्या बाकावर उमगलं. 

पहिले दोन दिवस ती आयसीयूत होती. पोटॅशियम शिरेतून देतात, पण अगदी संथ, कारण घाईने दिलं तर हृदय थांबू शकतं. दर काही तासांनी रक्त काढायचे, ईसीजी म्हणजे हृदयाची पट्टी काढायचे. आम्ही बाहेर बसायचो. दार उघडलं की सगळे नातेवाईक एकदम उभे राहायचे, मग ज्यांचं नाव पुकारलं नाही ते परत बसायचे. मनीषा माझ्याशी फार बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "मी सांगत व्हते, वास मारतंय. तुमी माझं नाक खोटं पाडलंत."  

गावात मी सांगितलं, पोटॅशियम कमी झालंय. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आणल्यावर शहाळी आणि केळी यायला लागली. इतकी, की नर्सने विचारलं दुकान टाकताय का. लोक मायेने आणत होते आणि मी प्रत्येक शहाळ्यागणिक आणखी खोटारडा होत होतो.

चौथ्या दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टर आल्या. त्यांनी सांगितलं की ऋतुजाला डिप्रेशन आहे, म्हणजे मन खिन्न राहण्याचा आजार. आळस नाही, नाटक नाही, वयाचा ताठाही नाही. थिनर नंतर आलं, आधी हे होतं. आठवीत असताना तिची जिवाभावाची मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे तारापूरच्या वसाहतीतून दूर गेली. तेव्हापासून तिला शाळेत बोलायला कोणी नव्हतं. घरी आली तर माझी शिफ्ट. रात्रपाळीच्या आठवड्यात मी दिवसा झोपायचो आणि घरात सगळे कुजबुजत वावरायचे. तिने डॉक्टरांना सांगितलं, "बाबा जागे होतील म्हणून आमच्याकडे रडतातसुद्धा हळू."

हे मला डॉक्टरांनी तिच्या परवानगीने सांगितलं. मी विचारलं, आता मी काय करू. त्या म्हणाल्या, "आधी स्वतःला शिव्या देणं कमी करा. तुम्ही रडत बसलात की ती तुम्हाला सांभाळत बसते. तिला तेवढी ताकद नाही आत्ता."

इतकं खरं मला कोणी बोललं नव्हतं. अपराधी वाटून घेणं हासुद्धा मी माझाच कार्यक्रम करून टाकला होता.

आठव्या दिवशी घरी सोडलं. गोळ्या, दर आठवड्याला समुपदेशन, महिन्याने मूत्रपिंडाच्या तपासण्या. पाय हळूहळू चालू लागले. मध्ये एकदा तिचा जीव पुन्हा त्या वाफेसाठी कासावीस झाला, पण तिने तसं येऊन सांगितलं आणि आम्ही तिघं समुद्रावर चालत गेलो, अंधार पडेपर्यंत. डॉक्टर म्हणाल्या, सांगितलं म्हणजेच सुधारणा.

आमच्या घरातलं थिनर मी पहिल्याच दिवशी खात्यातल्या एका सोबत्याकडून हलवलं होतं आणि कारखान्यात परत नेऊन दिलं होतं, साहेबांच्या शिव्या खाऊन. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, रंगाची बोलणी सुरू झाली, आणि मी बोटांवर घरं मोजली. मी वाटलेल्या बाटल्या गावात अकरा घरांत होत्या. त्यातल्या बहुतेक घरांत शाळेत जाणारी मुलं होती.

परत मागायच्या तर कारण सांगायला लागणार. कारण सांगितलं तर ऋतुजाचं नाव गावभर होणार. तीन दिवस मी टाळाटाळ केली. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "माझं नाव नका सांगू. तुमचं सांगा."

म्हणून रविवारी मी दारोदार फिरलो. ऋतुजा मोटारसायकलवर मागे, हातात गोणपाट. ती बाहेरच थांबायची. मी आत जाऊन सांगायचो की मी तुम्हाला विष आणून दिलंय, मुलांनी हुंगलं तर पहिल्याच वेळीसुद्धा हृदय बंद पडू शकतं, ते मला परत द्या. काही हसले. एक जण म्हणाला, दिलेलं परत मागतो, कसला माणूस. पण बाटल्या दिल्या.

शेवटचं घर मनीषाच्या भावाचं, नामदेवचं. त्याच्या होडीला अजून रंग लागला नव्हता. तो पडवीतून बाटली घेऊन आला, म्हणाला, "भावोजी, ही घ्या तुमची. आमी उघडली पण नाय."

बाटली अर्धी होती.

थिनर उडून जातं, हे मलाही माहीत आहे. बूच सैल असेल. पण मी वर्षभर अशीच कारणं काढली होती. नामदेवनेही बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याची दोन मुलं आतल्या खोलीत होती. त्याने तिकडे वळून हाक मारायला तोंड उघडलं, आणि मी त्याचा हात धरला. म्हटलं, ओरडू नको, मारू तर अजिबात नको. मी तेच करायचो.

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "भावोजी, आपल्या ऋतूला काय झालं व्हतं?"

मी शब्द दिला होता.  तेवढ्यात ऋतुजा दारात आली. गोणपाट तिने बाहेर ठेवलं होतं.

"मामा, मी ओढत व्हते," ती म्हणाली. "मरता मरता वाचले. तुमी दोघं हितंच बसा. त्यांच्याशी मी बोलते."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. नामदेव ओट्यावर माझ्या शेजारी बसला. त्याच्या घरात कोणी हुंगलं होतं की नाही, ते मी इथे लिहिणार नाही, ते सांगणं त्या मुलांचं आहे. एवढंच लिहितो की पुढच्या सोमवारी समुपदेशनासाठी पालघरला जाताना आमच्यासोबत नामदेवही होता. तुमच्या घरी असं काही असेल तर तुम्हीही जा. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या खिडकीवर साधा केसपेपर निघतो, कोणी वर मान करून बघत नाही.

त्या दिवशी ऋतुजा आत तासभर होती. मधेच एकदा कोणीतरी रडल्याचा आवाज आला, चांगलं मोठ्याने. आम्ही दोघेही उठलो नाही.