कोऱ्या खांद्याची जोडी

आमच्या आष्टीकडच्या गावात विकायच्या जोडीला कधी जुंपत नाहीत. पलीकडच्या राज्यातलं गिऱ्हाईक येतं, आधी वयासाठी दात बघतं, मग बैलाच्या खांद्यावरून उलटा हात फिरवतं. जू घासल्याची खूण लागली की नुसता चहा पिऊन निघून जातं. म्हणून बाबा आमच्या दोन पांढऱ्या गोऱ्ह्यांना सरकी चारायचे, रोज नदीवर नेऊन धुवायचे, काम मात्र काडीचं सांगायचे नाहीत. पहाटेच्या धुक्यात ते उभे असले की गोठा रिकामा वाटायचा. नुसते काळे डोळे आणि घुंगरं. मला अजून ते तसेच दिसतात, धुकं कुठं संपलं नि बैल कुठं सुरू झाला ते न कळणारे.

ही जोडी विकून कामाची जोडी घ्यायची, असं ठरलं होतं. आणि त्याच वर्षी लाळ-खुरकूत आली, राज्याची हद्द बंद झाली. रोग होता कुठं लांब. आमच्याकडे एका जनावराची लाळ गळत नव्हती. तरी नाक्यावर बांबू आडवा पडला तो पडलाच.

मी तेव्हा कॉलेजात होते, पत्रकं लिहायचे. लिहिलं, ‘रोगी जनावर अडवा! निरोगी काऊन अडवता? डॉक्टर पाठवा, तपासा, सोडा!’ आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. कापूस गंजी लावून ठेवता येतो. बैल ठेवता येत नाही. तो रोज खातो, त्याचे दात वाढतात, आणि हुकूम काढणाऱ्याला दात दिसत नाहीत.

उन्हाळा सरत आला. घरच्या जुन्या जोडीतला एक बैल बसला, तो उठेना. वावर वखरायचं पडलेलं.

आई म्हणाली, “आता जुंपा त्यायले. आरती कराले ठेवले का?”

“खांदा कोरा हाय. एकदा जू ठेवलं का गेला.”

“मंग वखराले मले जुंपता?”

“तू चालशीन वो. पन तुले वेसन कोन घालन?”

आई हसली, आणि आत जाऊन तिनं आपलं जुनं लुगडं आणलं. बाबांनी ते जुवाला गुंडाळलं, घडीवर घडी. खूण उमटू नये म्हणून.

जोडी वावरात एक तास नीट चालली. मग वळली. त्यांना जन्मात एकच वाट ठाऊक होती. वखर ओढत, बांध ओलांडत, दोघं सरळ नदीत जाऊन उभे राहिले, धुवायची वाट बघत. सकाळचं ऊन, संथ पाणी, पाण्यात पसरलेला लुगड्याचा हिरवा पदर. बाबा काठावर उभे.

मग बाबा पाण्यात उतरले. त्यांनी लुगडं सोडलं, पिळलं, माझ्या हातात दिलं. उघडं लाकूड खांद्यांवर ठेवलं आणि जोडी वावराकडे वळवली.

संध्याकाळी त्यांनी एकेका खांद्यावरून उलटा हात फिरवला, गिऱ्हाईक फिरवतं तसा.

“लागलं,” म्हणाले.

आई हळद-तेल कोमट करून घेऊन आली. नाक्यावर बांबू तसाच आडवा होता.